पाच गावांचं तिखट

फोनचा पडदा उभा असतो आणि कंपन्यांचे फलक आडवे. सोशल मीडियावर व्हिडिओ करणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांना आता सगळेच क्रिएटर म्हणतात त्यांच्यासाठी, जे ब्रँड इव्हेंट होतात त्यांतल्या बऱ्याच कार्यक्रमांचं घोडं इथेच अडतं. २० फूट रुंदीचा बॅकड्रॉप उभा राहतो, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कंपनीचं नाव. समोर एक मुलगी उभी राहते, ९ बाय १६ च्या चौकटीत स्वतःला बसवते आणि तिच्या खांद्यामागे त्या नावातली दोन अक्षरं उरतात. चौकटीचा खालचा भाग मजकुराखाली जातो, उजवी कड लाइक आणि शेअरच्या बटणांखाली. जे दिसावं म्हणून एवढा खटाटोप केला ते दिसत नाही, आणि त्या मुलीला त्या भिंतीपुढे करण्यासारखं काही नसतं. ती वळून हसते, हातातली भेटवस्तूंची पिशवी दाखवते आणि पुढच्या कार्यक्रमाला जाते.

मी पुण्यात राहून असे कार्यक्रम आखते. सुरुवात मंगल कार्यालयांच्या सजावटीपासून झाली. फुलं, पडदे, रुखवताची मांडणी. पुढे कंपन्यांची कामं आली, आणि आता एकाच कंपनीसाठी चार-पाच शहरांत एकाच विषयाभोवती क्रिएटर्सना बोलावणं हेच मुख्य काम झालं आहे. या कामाबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि ते मसाल्याच्या एका दौऱ्याने पक्कं केलं. थीम म्हणजे आलेल्या माणसांच्या हाताला द्यायचं काम. सजावट त्या कामाला लागेल तेवढीच करावी.

कंपनी बिडाची भांडी बनवणारी होती. तवे, कढया, आप्पेपात्रं. त्यांच्याकडून आलेल्या आराखड्यात विषय होता ‘गावाकडची चूल’: बैलगाडीचं चाक, कंदील, गवताचं छप्पर, नऊवारी नेसवून फोटो काढायची जागा. एकच सेट ट्रकमध्ये घालून पाचही शहरांत न्यायचा. असा विचार का होतो हे मला समजतं. एकदाच सुताराला पैसे द्यायचे, सगळीकडे एकसारखे फोटो येतात, वरिष्ठांना दाखवायला सोपं पडतं. पण मग कोल्हापूरच्या प्रेक्षकाला कोल्हापूरचं काही दिसत नाही आणि नागपूरच्या प्रेक्षकाला नागपूरचं. पाच शहरांत जाऊन एकाच शहराचे फोटो घेऊन यायचे असतील तर प्रवास कशाला करायचा?

मी वेगळा प्रस्ताव मांडला. चैत्र-वैशाखात महाराष्ट्रातल्या घराघरांत वर्षाचं तिखट आणि वर्षाचा मसाला होतो. मिरच्या वाळवायच्या, देठ खुडायचे, जिन्नस एकेक करून भाजायचे, कांडून आणायचे, चाळायचे, बरण्या भरायच्या. त्यातलं भाजणं बिडाच्या कढईत फार चांगलं होतं, कारण बीड हळू तापतं आणि तापलं की उष्णता धरून ठेवतं. शिवाय प्रत्येक भागाचा मसाला निराळा. म्हणून पाच शहरांत पाच मसाले करायचे, संध्याकाळपर्यंत मसाला खरोखर तयार झाला पाहिजे, आणि ज्याने त्याने आपला वाटा डब्यात भरून घरी न्यायचा. ‘यात आमचा ब्रँड कुठे आहे?’ असं बैठकीत विचारलं गेलं. दिवसभर प्रत्येक हात तुमच्याच कढईपाशी येणार आहे, असं मी सांगितलं. त्यांनी मान्य केलं, आणि सेटचे पैसे मी मानधनाकडे आणि प्रवासाकडे वळवून घेतले.

शहरांचा क्रम उन्हाने ठरवला. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे शेगडीजवळ माणसं उभी करणं हा अत्याचार झाला असता, म्हणून नागपूर सगळ्यात आधी, मार्चच्या सुरुवातीला. मुंबईची हवा दमट, मिरची लगेच सादळते, म्हणून मुंबईही लवकर हवी होती. पण दहावी-बारावीच्या परीक्षा मध्ये आल्या आणि ज्यांना बोलवायचं होतं त्यांतल्या निम्म्या जणी आई होत्या, त्यामुळे मुंबई एप्रिलवर गेली. त्यात लग्नाचे मुहूर्त. मुहूर्ताच्या दिवशी एकही कार्यालय मोकळं मिळत नाही. मी पंचांग घेऊन मुहूर्त नसलेले दिवस शोधले, आणि त्याच दिवसांत भाडंही कमी पडलं.

पाचही ठिकाणी सारख्या अशा थोड्याच गोष्टी ठेवल्या. एक लांब सागवानी टेबल, ज्याचा माथा घासून मंद केलेला होता; चकाकत्या लाकडावर दिव्यांची तिरीप पडते आणि लाल रंग फोनमध्ये फाटतो. टेबलाची उंची उभ्याने भाजायला सोयीची. वरून सरळ खाली चित्रण करता यावं म्हणून प्रत्येक शेगडीवर फोन अडकवायचा दांडा. कंपनीचं नाव फक्त उलथन्याच्या लाकडी मुठीवर कोरलेलं. भाजताना मूठ चौकटीच्या मधोमध येते, तिथे कुठलंही बटण नसतं, आणि हात हलला की नाव दिसतं. मोठ्या भिंतीपेक्षा ते छोटं नाव कितीतरी जास्त व्हिडिओंत आलं.

गाणी लावायची नाहीत, हा नियम मी आधीच कळवला होता. मागे एखादं प्रसिद्ध गाणं वाजत असेल तर स्वामित्वहक्कामुळे त्या व्हिडिओचा आवाजच बंद केला जातो, आणि मुलांचं दिवसभराचं चित्रण वाया जातं. इथे तर ऐकण्यासारखं खूप होतं: धण्याची तडतड, वाळक्या मिरच्यांची खुळखुळ, खोबऱ्यावर चालणारी किसणी. ज्यांना निवांत बोलून आवाज भरायचा असेल त्यांच्यासाठी शेजारी एक बंद खोली, जमिनीवर गाद्या, भिंतीला चार्जिंगची सोय. व्यापारी वापराचे १९ किलोचे सिलिंडर, आग विझवायची साधनं, शेगड्यांमधलं अंतर हे सगळं मी स्वतः तपासत होते, कारण चित्रण करणाऱ्याचं लक्ष पडद्यावर असतं, पायाखाली नसतं.

सगळ्यात जास्त विचार हातांचा करावा लागला. मिरचीचे देठ खुडले की बोटं भगभगतात, आणि त्याच बोटांनी फोन हाताळून मग डोळा चोळला की संपलंच. म्हणून मी सगळ्यांच्या जोड्या लावल्या. एकाने काम करायचं, दुसऱ्याने दोघांच्याही फोनवर चित्रण करायचं, मग अदलाबदल. टेबलाच्या टोकाला खोबरेल तेल, ताक आणि साबण. जोड्या लावताना एकमेकांना अजिबात न ओळखणारे आणि अगदी वेगळ्या विषयांवर व्हिडिओ करणारे दोघे जवळ आणले. हाताला काम लागलं की माणूस बोलतो, हे मी रुखवत मांडणाऱ्या बायकांमध्ये वर्षानुवर्षं पाहिलं आहे. देठ खुडायला बसलेल्या मुलांनी पहिल्या अर्ध्या तासात फोन बाजूला ठेवले होते. त्या वेळात झालेल्या बोलण्यातून पुढचे व्हिडिओ निघाले.

नागपूर सुरळीत पार पडलं. कळमन्याच्या बाजारातून भिवापुरी मिरची आणली होती. सावजी रस्सा हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेला, त्यामुळे मसाला सांगायला त्याच समाजातल्या एका काकूंना बोलावलं होतं. त्यांनी भाजायच्या क्रमावर जी शिस्त लावली ती पुढच्या सगळ्या शहरांत मी वापरली. धुराची मला भीती होती. मिरची भाजायला घेतली की साऱ्या खोलीला ठसका लागतो. काकूंनी जागा पाहिली, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि शेगड्या दक्षिणेच्या उघड्या बाजूला सरकवायला लावल्या. ‘काऊन घाबरता ताई, धूर तिकडून जाते,’ म्हणाल्या. गेलाही.

कोल्हापूरबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे.

तिथे या मसाल्याला चटणीच म्हणतात, आणि तिचं प्रमाण प्रत्येक घराचं स्वतःचं असतं. रंगाला ब्याडगी, जाळाला लवंगी, चवीला संकेश्वरी, इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. किती कुठली यावर मात्र टेबलाच्या दोन बाजूंना दोन पक्ष पडले. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, तिला २०११ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिखटपणा कमी, रंग मात्र गडद. आमच्यात राजारामपुरीतून आलेली मेकअपचे व्हिडिओ करणारी एक मुलगी होती, आणि तिची जोडी शिरोळच्या उसाच्या शेतातून व्हिडिओ टाकणाऱ्या तरुणाशी लावली होती. कागदावर या जोडीचं काहीच जुळत नव्हतं. देठ खुडताना मुलीने सांगितलं की ब्याडगीचा रंग अर्काच्या रूपात काढून लिपस्टिक आणि नेलपॉलिशमध्येही वापरतात. तरुण थांबला. त्याच्या शेताच्या बांधावर घरच्यापुरती मिरची होती, आणि तिचं असंही काही होत असेल हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. दोघांनी मिळून केलेला व्हिडिओ त्या दिवसातला मला सर्वांत आवडलेला आहे: एका तळहातावर ब्याडगी, दुसऱ्यावर लिपस्टिक, आणि दोघांचं खरंखुरं कुतूहल.

कांडायचं होतं डंकावर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: ओळीने उखळं, त्यांत पट्ट्यावर चालणारी लोखंडी मुसळं वर-खाली होतात, आणि बाजूला बसलेली बाई हाताने जिन्नस आत ढकलत असते. गिरणीत दळलेल्यापेक्षा डंकावरचा मसाला रवाळ राहतो, खोबऱ्याचं आणि तिळाचं तेल त्यात मुरतं. चैत्रात या दुकानांपुढे डब्यांच्या रांगा असतात. मी मालकांना भेटले, एक सकाळ आम्हाला दुकान द्या, भाडं देते म्हणाले. त्यांनी साफ नकार दिला. वर्षानुवर्षं येणाऱ्या बायकांना परत पाठवणार नाही, तुमच्या पोरांनी डबा घेऊन नंबर लावावा, मग काय ते चित्रण करा, असं त्यांचं म्हणणं. कंपनीच्या माणसाला हे पटेना. त्याला दुसरं दुकान शोधायचं होतं. मला मात्र ती अट मोलाची वाटली. नंबर लावला.

दोन-अडीच तास थांबावं लागलं, आणि त्या वेळात रांगेतल्या बायकांनी आपापल्या डब्यांची झाकणं उघडून दाखवली. कुणी लसूण सालासकट घालणारी, कुणी कांदा उन्हात वाळवलेला, कुणी तळून कुरकुरीत केलेला. मुंबईला असलेल्या मुलासाठी वेगळी, कमी तिखट चटणी करून घेणारी एक मावशी होती. एका आजींनी आमच्या एका पोराला सुनावलं, ‘वास न्हाई, रंग न्हाई, फोनात बघून काय कळतंय भाजलंय का न्हाई ते?’ त्याने तोच प्रश्न आपल्या व्हिडिओचा विषय केला: फोनमध्ये वास येत नाही, मग भाजलेलं ओळखायचं कसं? आजींनी तीन खुणा सांगितल्या. धणे चिमटीत चुरले पाहिजेत, खोबरं दाबल्यावर बोटाला तेल लागलं पाहिजे, मिरची वाकवली की कडकन मोडली पाहिजे. लोकांनी तो व्हिडिओ जपून ठेवला. कित्येकांनी खाली लिहिलं की उन्हाळ्यात लागेल म्हणून सेव्ह केलाय.

दुकान भाड्याने मिळालं असतं तर यातलं काही घडलं नसतं. गावाचं जे चाललेलं काम असतं त्यात पाहुण्याने आपला नंबर लावावा. तेव्हापासून मी कुठल्याही शहरात एखादी जागा ‘आमच्यासाठी बंद ठेवा’ असं सांगत नाही.

पुण्यात गोडा मसाला. हॉलवर न्यायच्या आधी मी सगळ्यांना कापडी पिशव्या आणि जिनसांची यादी देऊन रविवार पेठेत सोडलं. दगडफूल, नागकेशर, बाद्यान ही नावं बऱ्याच मुलांनी फक्त पाकिटाच्या मागे वाचलेली. दुकानदारांनी हातावर ठेवून ओळखायला शिकवलं. गोड्या मसाल्याचा प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो, त्यामुळे हे काम चिकाटीचं आहे, आणि बिडाच्या कढईचा स्वभाव इथे पुरता कळतो. धणे, खोबरं, तमालपत्र सुंदर भाजतात. पण गॅस बंद केल्यावरही कढई तापलेलीच राहते. तीळ किंवा खसखस त्यातच ठेवली तर करपते, लगेच ताटात काढावी लागते. एका मुलीने हे व्हिडिओत सांगितलं. कंपनीकडून निरोप आला की ते वाक्य कापा, भांड्याचा दोष दाखवल्यासारखं वाटतं.

मी त्यावर बराच वेळ भांडले, आणि पुन्हा भांडेन. जिने खसखस करपते हे सांगितलं, तिचंच धणे छान भाजतात हे म्हणणं लोक खरं मानतात. आणि ज्या बाईने ते न ऐकता कढई विकत घेतली तिची खसखस पहिल्याच दिवशी करपणार, मग ती काय लिहील? वाक्य राहिलं. पुढे कंपनीने कढईसोबतच्या माहितीपत्रकात ती सूचना घातली, याचा मला आनंद आहे.

याच ठिकाणी पैशाचंही बोलते. या क्षेत्रात ‘बार्टर’ फार चालतं: पैसे नाहीत, वस्तू घ्या आणि व्हिडिओ करा. एखाद्याने आनंदाने मान्य केलं तर ठीक, पण दिवसभर शेगडीजवळ उभं राहून काम करणाऱ्या, मग रात्री बसून संपादन करणाऱ्या माणसाला कढई देऊन पाठवणं मला पटत नाही. त्याच्या घराचं वीजबिल कढईने भरता येत नाही. मी मानधन ठरवते, लेखी देते आणि कार्यक्रमाच्या आधी अर्धं पोचवते. आणि ‘फुकट’ वस्तूही करापासून सुटत नाही. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात कलम १९४आर आलं: कुणाला त्याच्या व्यवसायाच्या निमित्ताने वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचे लाभ दिले तर १० टक्के टीडीएस. वस्तू वापरून परत केली तर ती लाभात धरत नाहीत, ठेवून घेतली तर धरतात, असा खुलासाही आयकर विभागाने केला. लहान गावांतल्या मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही दुपारच्या जेवणानंतर थोडा वेळ यालाच दिला, आणि त्या वेळी कुणी फोनमध्ये डोकं घातलं नव्हतं.

जाहिरात आहे हे सांगण्याबद्दलही तसंच. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी नियम आणले, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर ते साध्या, स्पष्ट शब्दांत आणि सहज दिसेल असं लिहायचं. मी सगळ्यांना सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असा देवनागरी शब्द पडद्यावर घालायला सांगते. इंग्रजी हॅशटॅगच्या गर्दीत तो लपवायचा नाही. काही जणांना भीती वाटते की त्याने लोक पळतील. मसाल्याच्या व्हिडिओंवरून लोक पळाले नाहीत; त्यांना खोबरं किती भाजायचं हे जाणून घ्यायचं होतं.

जळगावात माणसं दुरून आली. मला नेहमी वाटतं की मराठीतला सगळ्यात जिवंत कंटेंट आता तालुक्याच्या गावांतून येतो. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, मग टिकटॉकवर शेतातली, गोठ्यातली, स्वयंपाकघरातली माणसं आली. २९ जून २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि त्यांचं खातं, प्रेक्षक, सगळं एका दिवसात गेलं. जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स, आणि अनेकांनी शून्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्यांच्या मेहनतीबद्दल मला अपार आदर आहे.

अमळनेरकडून एक सून आली होती, अहिराणीत स्वयंपाकाचे व्हिडिओ करणारी. निमंत्रणात मी ‘सोबत घरातलं एक माणूस आणा, त्यांचाही प्रवासखर्च आम्ही देऊ’ असं लिहिलं होतं, कारण त्या ओळीशिवाय तिच्यासारख्या कितीतरी जणींना घराबाहेर पडताच येत नाही. ती सासूबाईंना घेऊन आली. कार्यक्रमाची वेळ दहा ते चार ठेवली होती, म्हणजे सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी किंवा शेवटची एसटी पकडून उजेडात घरी पोचता यावं. मोठ्या शहरातले कार्यक्रम संध्याकाळी सात वाजता सुरू होतात आणि मग कुणीतरी म्हणतं की ग्रामीण बायका येत नाहीत. कशा येतील?

मिरची नंदुरबारची होती, तिथल्या पथाऱ्यांवर वाळलेली. खानदेशी काळ्या मसाल्यात खोबरं इतकं भाजतात की बघणाऱ्याला ते जळलं असंच वाटावं. सासूबाई ते अगदी कडेपर्यंत नेत आणि बरोबर त्या क्षणी उतरवत. सून चित्रण करत म्हणाली, ‘हाऊ मन्ही सासूना मसाला शे.’ कंपनीच्या सोशल मीडिया चमूने सुचवलं की तिने हिंदीत बोलावं, जास्त लोकांपर्यंत पोचेल. मी म्हटलं, तिचे प्रेक्षक तिच्या बोलण्यासाठी येतात, ते बदललं तर आपण तिला बोलावलंच कशाला? तिने अहिराणीतच केलं. त्या व्हिडिओखाली सुरतहून, तिथल्या उधना, लिंबायत भागांतून प्रतिक्रिया आल्या. खानदेशातली कितीतरी कुटुंबं कामासाठी तिकडे राहतात. कढई सुरतेत कुठे मिळेल असं ते विचारत होते. कंपनीच्या विक्रेत्यांच्या यादीत त्यानंतर उधन्याचं एक दुकान आलं.

मुंबईला जागा लहान आणि वेळ कमी, ते गृहीतच धरलं होतं. परळजवळच्या हॉलमध्ये वरळी कोळीवाड्यातली एक ताई आणि वसईकडची एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली मावशी, दोघी समोरासमोर. कोळी मसाला आणि बॉटल मसाला. दोन्हीही पावसाळ्याआधी करून ठेवायचे, दोन्हींत जिनसांची लांबलचक यादी. ईस्ट इंडियन घरांत तो गडद तपकिरी बाटल्यांत दाबून भरतात, म्हणजे उजेड लागत नाही आणि रंग उडत नाही. ती मावशी आपल्या बोलीतली मराठी बोलत होती, आणि जमलेल्या मराठी मुलांतल्या कित्येकांनी ती पहिल्यांदाच ऐकली. सादळलेल्या मिरच्या आधी कढईत नुसत्या कोमट करून घ्याव्या लागल्या. कांडायला लालबागच्या मसाला गल्लीत गेलो, आणि अर्थात नंबर लावला.

दौरा संपल्यावर कंपनीला आकडे हवे असतात, तो त्यांचा हक्क आहे. किती जणांनी पाहिलं हा आकडा मी देते, पण त्याच्यावर भर देत नाही. तो एखाद्या चटपटीत विनोदालाही मिळतो. मी तीन गोष्टी पाहते. किती लोकांनी व्हिडिओ सेव्ह केला, म्हणजे पुन्हा उघडणार आहेत. प्रतिक्रियांत लोकांनी आपल्या घरची पद्धत लिहिली का. आणि कार्यक्रमानंतर क्रिएटरने कुणीही न सांगता, पैसे न घेता, आपल्या घरी त्याच विषयावर आणखी काही केलं का. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिरोळच्या तरुणाने बांधावरच्या मिरचीची मालिकाच केली. पुण्यातली दोन मुलं आजोळी जाऊन आजीचा मसाला नोंदवून आली. त्यांत आमची कढई होती आणि नव्हतीही.

पुढच्या उन्हाळ्यासाठी कंपनीला दहा शहरं हवी आहेत आणि यादीत गोवा आहे. गोव्याचा आराखडा वेगळा असेल, हे मी आधीच कळवलं आहे. तिथे रोजच्या हुमणाला, म्हणजे माशांच्या कालवणाला, मिरची ओल्या खोबऱ्यासोबत वाटतात, वर्षाचा कोरडा मसाला हे तिथलं मुख्य काम नाही. पण पावसाळ्याची बेगमी आहे, तिला पुरुमेंत म्हणतात: वाळकी मिरची, चिंच, सोलं, सुकी मासळी. पावसाळ्याच्या तोंडावर मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं. काणकोणच्या खोला मिरचीला जीआयही मिळालं आहे. तेव्हा तिथे क्रिएटर्सनी एका घराची पूर्ण बेगमी करावी, फेस्तातून आणून, वाळवून, भरून ठेवेपर्यंत, असं मी लिहून दिलं. कढई त्यात फक्त सुकी मासळी भाजायला येते. पाच शहरांचे फोटो आणि गोव्याचे फोटो जुळतील का, असं कंपनीने विचारलं आहे. टेबल तेच असेल, असं मी उत्तर पाठवलं, आणि काणकोणच्या दोघी व्हिडिओ करणाऱ्या बहिणींना आराखडा वाचायला दिला आहे. त्या दुरुस्त करतील त्याप्रमाणे खर्चाचा अंदाज काढायचा आहे.